ताण उतरवण्यासाठी बाग आणि टेकडी : अर्धा तास नेमका कसा घालवावा

बागेत किंवा टेकडीवर नेमाने जाणाऱ्या पुष्कळ लोकांची एक तक्रार असते : पाय मोकळे होतात, भूक चांगली लागते, पण डोके काही हलके होत नाही. त्यांच्यासोबत थोडे चालून पाहिले की कारण कळते. कानात इयरफोन असतो आणि त्यात ऑफिसची मीटिंग चालू असते, नाहीतर चौघांच्या घोळक्यात सोसायटीच्या पुनर्विकासाचा वाद रंगलेला असतो, आणि मनगटावरचे घड्याळ पावले मोजत असल्यामुळे दहा हजारांचा आकडा गाठण्यासाठी शेवटी घाईघाईने एक फेरी वाढवली जाते. हा व्यायाम आहे आणि तो चांगलाच आहे. मात्र ताण उतरवण्यासाठी झाडांमध्ये वेळ घालवण्याची रीत वेगळी आहे. ती शिकायला अवघड नाही, पण शिकावी लागते, आणि येथे ती क्रमाने दिली आहे. उदाहरणे पुण्या-मुंबईची अधिक आली आहेत, कारण ताणाची आणि गर्दीची दोन्ही शहरांना कमतरता नाही. परंतु कोल्हापूरच्या रंकाळ्याच्या काठी, नागपूरच्या अंबाझरी तलावावर किंवा पणजीच्या कांपालमध्ये राहणाऱ्यालाही यातले सगळे जसेच्या तसे करता येईल.

आधी थोडे कारण समजून घेऊ

दिवसभर आपण ज्या कामांना डोके लावतो, त्या सर्वांसाठी मुद्दाम ओढून आणलेली एकाग्रता लागते. हिशेब तपासणे, स्वारगेटच्या चौकातून दुचाकी काढणे, मुलाचा अभ्यास घेता घेता व्हॉट्सअपच्या संदेशांना उत्तरे देणे, या प्रत्येक वेळी नको असलेल्या गोष्टी बाजूला सारून हव्या त्या गोष्टीवर लक्ष टिकवावे लागते आणि ही शक्ती थकते. अमेरिकेतील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याच थकव्यावर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या मांडणीनुसार हलणारी पाने, वाहते पाणी, ढग, पाखरे यांच्याकडे लक्ष आपोआप जाते, पण ते गुंतून पडत नाही, आणि तेवढ्या वेळात मुद्दाम लावायच्या लक्षाला विसावा मिळतो. दूरदर्शनवरची मालिका किंवा मोबाइलवरची रील्सही लक्ष वेधून घेतात, परंतु त्या ते सोडत नाहीत. म्हणूनच तासभर रील्स पाहून उठलेला माणूस ताजातवाना दिसत नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. ताण आला की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळले जातात, रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक वाढते. संकट टळल्यावर हे सारे ओसरायला हवे, पण नोकरीचा, कर्जाचा किंवा घरातल्या आजारपणाचा ताण टळतच नाही आणि शरीर त्या सज्ज अवस्थेतच अडकून राहते. शांत, सुरक्षित, हिरव्या जागी थोडा वेळ बसल्याने शरीराला ती सज्जता सोडून देण्याची संधी मिळते. मूळ अडचण त्यामुळे सुटत नाही, हे आधीच स्वच्छ समजून घ्यावे. हप्ता भरायचा राहिलेला असेल, तर टेकडीवरून उतरल्यावरही तो भरायचाच असतो. फरक एवढाच की त्याचा विचार जरा सुसूत्रपणे करता येतो.

पहिली पायरी : किती वेळ, हे ठरवणे

इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकूण १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये, मुळीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, आपली प्रकृती चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण जास्त आढळले. ही १२० मिनिटे एका दमात घालवली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडत नव्हता. या आकड्याला मंत्रासारखे धरून बसण्याचे कारण नाही, कारण अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. मुळात ज्यांची प्रकृती धड असते तेच जास्त बाहेर पडतात, हेही त्यात आलेच. तरी सुरुवातीला डोळ्यांपुढे ठेवायला हे प्रमाण सोयीचे आहे.

त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी केलेला एक लहानसा प्रयोग आपल्या कामाचा अधिक आहे. शहरात राहणाऱ्या ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान तीन वेळा, दहा मिनिटे किंवा जास्त काळ आपल्या आवडीच्या हिरव्या जागी जायला सांगितले गेले आणि अधूनमधून त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल तपासले गेले. २० ते ३० मिनिटांच्या भेटीत त्याची पातळी सर्वांत झपाट्याने उतरली. त्यापुढेही उतरत राहिली, पण संथपणे. या प्रयोगाच्या अटी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत : फोन नको, वाचन नको, गप्पा नकोत आणि दमवणारा व्यायामही नको.

दोन्ही जुळवून घेतले तर आठवड्यातून चार वेळा अर्धा तास, असा साधा हिशेब निघतो. यापेक्षा मोठा संकल्प सोडू नये. रोज पहाटे पाचला उठून सिंहगड चढण्याचे व्रत दुसऱ्या आठवड्यात मोडते, आणि मग मोडलेल्या व्रताचाही ताण येतो.

दुसरी पायरी : जागा निवडणे

येथे बहुतेक लोक चुकतात, कारण ते सुंदर जागा शोधतात. शोधायची असते ती जवळची जागा. घरापासून किंवा कामाच्या ठिकाणापासून पायी दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल अशी, दिसायला यथातथा असलेली महापालिकेची बाग, ही दीड तासावरच्या धबधब्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. जुलैतल्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणावर जाऊन आलेल्या कोणालाही विचारावे. एक्स्प्रेस वेवरची रांग, गाडी लावायला जागा नाही, भिजलेल्या कपड्यांत परतीचे तीन तास. ती सहल म्हणून मजेची असेल, पण ताण कमी करण्याच्या खात्यात तिची नोंद करू नये.

जवळपासच्या तीन-चार जागांची यादी करून प्रत्येक ठिकाणी एकदा नुसते जाऊन यावे आणि काही गोष्टी पाहाव्यात. मोठी, जुनी, सावली देणारी झाडे आहेत का? नुसती हिरवळ आणि कापून आकार दिलेली झुडपे असलेल्या बागेत दुपारी चार वाजताही बसवत नाही. टेकायला जागा आहे का, मग ते बाक असो, पार असो की खडक? रस्त्याचा आवाज किती येतो? बागेच्या मुख्य दारापाशी हॉर्नचा कल्लोळ असला, तरी मागच्या कुंपणालगत तो पुष्कळ कमी झालेला असतो, म्हणून दारातून परत फिरू नये. लाउडस्पीकरवर भक्तिगीते किंवा व्यायामाचे संगीत लावणाऱ्या बागा अलीकडे वाढल्या आहेत. अशा बागेत ते कोणत्या वेळी वाजते हे माळ्याला विचारून घ्यावे. माळ्यांना आणि पहारेकऱ्यांना बागेबद्दल फलकापेक्षा अधिक माहिती असते.

पुण्यात या बाबतीत निवड मोठी आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई आणि पर्वती या शहराच्या पोटातच आहेत. वेताळ टेकडीवर जुन्या दगडखाणीत पाणी साचते आणि त्याच्या काठी पाखरे येतात. चढ नको असेल तर कोथरूडच्या बाजूने एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी बरीच वर जाते. ज्यांना सपाट जमीन आणि प्रचंड जुने वृक्ष हवेत, त्यांनी कॅम्पाजवळचे एम्प्रेस गार्डन पाहावे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले असून तेथील वाहते पाणी हा त्याचा खरा ऐवज आहे, मात्र सुट्टीच्या संध्याकाळी तेथे जाऊ नये.

मुंबईत बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे जंगल आहे आणि ते सोमवारी बंद असते. भायखळ्याच्या राणीच्या बागेला, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला, बुधवारी सुट्टी असते. तेथे लोक पेंग्विन पाहायला धावतात, पण एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या त्या बागेतले वृक्ष ही तिची मोठी श्रीमंती आहे आणि त्यांच्याखाली गर्दी नसते. धारावीजवळ मिठी नदीकाठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान एकेकाळच्या कचराभूमीवर उभे राहिले आहे. आज तेथे दाट झाडी आहे, आणि शेजारच्या वर्दळीच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांना ती आत गेल्याशिवाय कळत नाही.

इतर ठिकाणी कोल्हापुरात रंकाळा आणि शिवाजी विद्यापीठाचा परिसर, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याचे वनोद्यान, नागपुरात सेमिनरी हिल्स, छत्रपती संभाजीनगरात हिमायत बाग, सांगलीत आमराई, पणजीत मांडवीकाठचे कांपाल अशी आपापली नावे तेथील लोकांना ठाऊक आहेतच. लहान गावात राहणाऱ्यांनी देवराई, नदीचा घाट, शाळेमागचा माळ, ओळखीच्या शेताचा बांध यांचा विचार करावा; तिकीट नाही म्हणून ती जागा कमी प्रतीची ठरत नाही. देवराईत मात्र तेथील रिवाज पाळावेत, पाने-फुले तोडू नयेत आणि वाळलेली काटकीही उचलू नये.

यादीतून एक जागा मुख्य ठरवावी आणि एक राखीव ठेवावी. दर वेळी नवी जागा शोधण्याचा मोह टाळावा, कारण ओळखीच्या जागी गेल्यावर शरीर लवकर निवांत होते आणि रोजचे बारीक बदल दिसू लागतात.

तिसरी पायरी : वेळ बांधणे

अनेक सार्वजनिक बागा दुपारी बंद असतात, म्हणून फलकावरच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, असे दोन काळ साधारणपणे उरतात. सकाळी पाखरांची हालचाल जास्त असते आणि हवा थंड असते. संध्याकाळी मुलांचा आणि क्रिकेटचा गलका असतो. असे असले तरी ज्याला रात्री घरी गेल्यावर ऑफिस डोक्यातून जात नाही, त्याने संध्याकाळच निवडावी, कारण काम आणि घर यांच्यामध्ये एक स्वच्छ रेघ ओढली जाणे हा त्याच्यासाठी निम्मा फायदा आहे. घरी जाऊन पुन्हा बाहेर पडू म्हटले की पडणे होत नाही. परतीच्या वाटेवरच उतरावे.

हिवाळ्यात एक खबरदारी घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकून राहते, तिच्यात वाहनांचा आणि शेकोट्यांचा धूर कोंडतो. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी या दिवसांत ऊन पडून धुके विरल्यावरच बाहेर पडावे. एप्रिल-मे महिन्यांत अकरा ते चार हा काळ विदर्भातच काय, पुण्यातही टाळावा.

सोबत काय न्यावे

पाण्याची बाटली, टोपी, पकड चांगली असलेले बूट किंवा सँडल, पावसाळ्यात छत्री, संध्याकाळी डासांसाठी मलम. यापेक्षा जास्त सामान म्हणजे जाण्याच्या मार्गातला अडथळा. फोन सुरक्षिततेसाठी जवळ असावा, पण आवाज बंद करून पिशवीच्या तळाशी. खिशात ठेवला की हात तिकडे जातोच.

चौथी पायरी : प्रत्यक्ष अर्धा तास

पहिली पाच-सात मिनिटे नुसते चालावे. वेग असा असावा की नाकाने सहज श्वास घेता येईल. या वेळात डोक्यात सगळे तेच येत राहते : साहेब काय म्हणाले, वीजबिल भरले का, उद्या डब्याला काय. ते हुसकावून लावू नये आणि त्याच्याशी वादही घालू नये. फक्त मान थोडी वर करून नजर लांब, झाडांच्या शेंड्यांकडे न्यावी. दिवसभर हातभर अंतरावरच्या पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांना लांबचे पाहायला मिळाले की कपाळ आणि जबडा सैल होतात. हे पहिल्याच दिवशी जाणवते.

नंतर ठरलेल्या जागी बसावे. बसल्यावर दहा-बारा श्वास असे घ्यावेत, की श्वास सोडायला लागणारा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा जरा लांब असेल. मनात चार आकडे मोजत घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. चक्कर येत असेल तर हे थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यावा. प्राणायाम जाणणाऱ्यांनी येथे आपली सगळी विद्या बाहेर काढण्याची गरज नाही. तो घरी करावा, बागेतला वेळ बाहेर पाहण्यासाठी ठेवावा. डोळे मिटून ध्यान लावण्याचा सल्लाही मी देणार नाही. ज्याचे मन मुळातच अस्वस्थ आहे त्याने डोळे मिटले की आतला गोंगाट वाढतो, आणि झाडे पाहायला आलेल्या माणसाने डोळे मिटून बसावे हे तसेही विचित्रच आहे.

पुढची पाच मिनिटे कानांना द्यावीत. सर्वांत लांबचा आवाज कोणता, हे आधी शोधावे. तो बहुधा रेल्वेचा, विमानाचा किंवा रस्त्याचा असतो. मग त्याच्या अलीकडचा, मग आणखी जवळचा, असे करत अगदी शेजारच्या पानांच्या सळसळीपर्यंत यावे. शहरातील गोंगाट यामुळे बंद होत नाही, पण तो अनेक आवाजांपैकी एक होऊन मागे जातो. काही दिवसांत तांबट पक्ष्याचे एका लयीत चाललेले टुक् टुक्, सातभाईंची भांडाभांड, दयाळाची शीळ हे वेगवेगळे ओळखू येऊ लागतात. नावे पाठ करण्याची घाई करू नये, आणि ओळख पटवण्यासाठी फोनचे ॲप उघडू नये. आवाज लक्षात ठेवून घरी गेल्यावर शोधावा.

त्यानंतर दहा मिनिटे एकाच लहान गोष्टीकडे पाहावे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि लोक ती सर्वांत आधी गाळतात. आंब्याच्या फांदीवर लाल मुंग्यांचे घरटे असेल, तर हातभर अंतरावरून ते पाहावे : हिरव्या पानांच्या कडा एकमेकींना भिडवून पांढऱ्या तलम धाग्यांनी जोडलेल्या असतात, आणि हा धागा मुंग्यांचा नसून त्यांच्या अळ्यांचा असतो, कामकरी मुंग्या अळी तोंडात धरून तिला या पानावरून त्या पानावर फिरवतात. घरट्याला बोट लावले की क्षणात दहा-वीस मुंग्या कडेला येऊन पोटाचा भाग वर उचलून उभ्या राहतात, म्हणून बोट लावू नये. मुंग्या नसतील तर वडाच्या सालीतली भेग, कोळ्याच्या जाळ्यावरचे दव, तळ्याच्या पाण्यावर तरंगणाऱ्या पानाभोवतीची वर्तुळे, काहीही चालते. लक्ष भरकटले की त्याच गोष्टीतला न पाहिलेला तपशील शोधावा, एवढाच नियम.

याचा उपयोग तेच ते विचार पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या मनाला विशेष होतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना गवताळ, झाडे असलेल्या भागातून आणि काही जणांना मोठ्या वाहत्या रस्त्याच्या कडेने ९० मिनिटे चालायला लावले होते. झाडांमधून चालून आलेल्यांमध्ये असे उगाळणे कमी झाल्याचे दिसले आणि त्याच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील हालचालही मंदावली होती. रस्त्याच्या कडेने चाललेल्यांत तसा बदल दिसला नाही. दोन्ही गट तेवढाच वेळ चालले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

उरलेल्या मिनिटांत उठून सावकाश परत निघावे आणि दाराबाहेर पडेपर्यंत फोन काढू नये. शक्य असेल तर वाटेत एखाद्या झाडाच्या खोडाला हात लावावा, पडलेले पान चुरून वास घ्यावा. निलगिरी, कडुनिंब, लिंबू अशा ओळखीच्या झाडांचीच पाने घ्यावीत. रुई, कण्हेर किंवा शेर यांचा चीक डोळ्यांत गेल्यास फार त्रास होतो.

पहिल्या तीन-चार भेटींत कंटाळा येईल. हात फोनकडे जाईल, वेळ वाया चालला असे वाटेल. याचा अर्थ पद्धत लागू पडत नाही असा नाही. सतत काहीतरी समोर हवे अशी लागलेली सवय सुटताना कंटाळाच येतो. त्यावर उपाय म्हणजे वेळ पंधरा मिनिटांवर आणावी, पण भेट चुकवू नये.

एकट्याने जावे की सोबतीने

एकट्याने गेलेले उत्तम, पण सुरक्षितता आधी. अनेक स्त्रियांना टेकडीवर किंवा बागेच्या शांत कोपऱ्यात एकटीने बसणे शक्य होत नाही. त्यांनी सोबतीला जरूर कोणाला तरी न्यावे आणि एक करार करावा : जाताना आणि येताना बोलायचे, मधली वीस मिनिटे दोघींनी गप्प बसायचे. वर्दळीच्या वाटेवरून दिसेल असाच बाक निवडावा. टेकडीवर अंधार पडण्याच्या बराच आधी उतरावे, दागिने घालून जाऊ नये आणि कुठे चाललो आहोत हे घरी सांगून निघावे. हे पुरुषांनाही लागू आहे.

आई-वडिलांना नेत असाल तर चढ टाळून, स्वच्छतागृह आणि पाठीला टेकू देणारे बाक असलेली बाग पाहावी. ज्येष्ठांचा कट्टा असेल तर त्यांना त्यात रमू द्यावे. त्यांच्या ताणाचे मोठे कारण एकटेपणा असते आणि तेथे गप्पांना मनाई करणे मूर्खपणाचे होईल. लहान मुलांना स्वस्थ बसवण्याचा प्रयत्न करू नये. त्यांना वेगवेगळ्या आकाराची गळलेली पाने गोळा करायला सांगावे, आणि आपण जवळच बसून आपले काम करावे.

ऋतूप्रमाणे काय पाहावे, कशाला जपावे

वर्षभर त्याच बागेत जाताना ऋतूंचे बदल मदतीला येतात. फेब्रुवारीत काटेसावर, पळस, पांगारा पानांवाचून फुलतात आणि त्यांवर मैना, बुलबुल, शिंजीर यांची दाटी होते. मार्चमध्ये करंजाची कोवळी पालवी येते, कडुनिंबाला मोहर धरतो. एप्रिल-मेमध्ये बहावा, गुलमोहर आणि आपले राज्यपुष्प ताम्हण. पाऊस ओसरल्यावर बुचाच्या फुलांचा सडा पहाटे रस्त्यावर पडतो, आणि ऑक्टोबरात सातवीण फुलते. तिचा उग्र गंध काहींना फार आवडतो आणि काहींचे डोके दुखवतो. दुसऱ्या गटातल्यांनी त्या पंधरवड्यापुरता बाक बदलावा.

पावसाळा हा खरे तर सर्वांत समृद्ध काळ, पण त्यात धोकेही जास्त असतात. सोसाट्याच्या वाऱ्यात गुलमोहर आणि वर्षावृक्षाच्या फांद्या मोडून पडतात, तेव्हा त्यांच्याखाली बसू नये. ढगांचा गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत जावे. एकट्या उभ्या झाडाचा आडोसा घेणे सर्वांत वाईट. शेवाळलेल्या फरशीवर आणि टेकडीच्या उतारावर घसरून हात मोडण्याचे प्रसंग घडतात. गवत वाढलेले असताना पायवाट सोडू नये आणि दगडाखाली हात घालू नये, कारण घोणस, फुरसे, मण्यार, नाग हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यातले काहीही न करता तो अवयव न हलवता तातडीने रुग्णालय गाठावे.

गाजर गवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी मोकळ्या माळापेक्षा दाट सावलीची बाग निवडावी. हे परदेशी तण १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यात आढळल्याची नोंद आहे आणि आज ते देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेवर चट्टे उठतात, परागकणांनी दमा उसळतो. हिवाळ्यात टेकड्यांवर वाटेकडेला खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहावे. उंच फांदीवर किंवा कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तेथे अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, ओरडू नये. भटक्या कुत्र्यांना आणि माकडांना खायला घालू नये. कुत्रा चावला किंवा त्याने नुसते ओरखडले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. संजय गांधी उद्यानात बिबटे आहेत, म्हणून ठरवून दिलेल्या रस्त्यांवरच राहावे आणि पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात एकट्याने आतवर जाऊ नये.

ही यादी वाचून घाबरून घरी बसू नये. बहुतेक बागांमध्ये सर्वांत मोठा उपद्रव डासांचा असतो.

बाहेर पडणेच शक्य नसेल तर

रात्रपाळी, घरातील आजारी माणसाची शुश्रूषा, स्वतःचे आजारपण, अशा वेळी खिडकीचाही उपयोग होतो. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाची नोंद प्रसिद्ध केली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना वेदनाशामक तीव्र औषधे कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. रुग्ण थोडे होते, त्यामुळे यावर फार मोठा डोलारा उभारू नये, परंतु पलंगाची दिशा बदलून खिडकीबाहेरचे झाड दिसेल असे करायला खर्च काहीच येत नाही.

ज्यांच्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंतच आहे, त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर जाऊन पंधरा मिनिटे आकाश पाहावे. संध्याकाळी घारी आणि बगळे परतताना दिसतात. गॅलरीत तुळस, गवती चहा, ओवा, जास्वंद अशी न मरणारी रोपे लावावीत. महागडी, नाजूक रोपे आणून ती वाळताना पाहणे हा नवीन ताण आहे. गच्ची आणि कुंड्या यांनी बागेची जागा पूर्णपणे भरून निघत नाही. तो तात्पुरता आधार समजावा.

हे कुठे अपुरे पडते

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल, छातीत धडधड होऊन घाम फुटत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर बागेत जाण्याचा सल्ला पुरेसा नाही आणि तो देणाऱ्या नातेवाइकांचे ऐकून उपचार लांबवू नयेत. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. चालू असलेली औषधे, टेकडीवर बरे वाटू लागले म्हणून, आपल्या मनाने बंद करू नयेत. छातीतील धडधड किंवा दम लागणे नवीनच सुरू झाले असेल, तर चढ चढण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

महिनाभरानंतर

चार आठवडे झाले की थोडा आढावा घ्यावा. त्यासाठी एका वहीत प्रत्येक भेटीनंतर एकच ओळ लिहिलेली असावी : जाताना ताण दहापैकी किती होता, येताना किती, आणि त्या दिवशी काय पाहिले. जाताना सात आणि येताना पाच, असा उतार बहुतेक वेळा दिसत असेल तर काही बदलू नये. उतार दिसतच नसेल तर आधी जागा बदलून पाहावी, मग वेळ, आणि शेवटी सोबत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. ज्या आठवड्यात चारऐवजी एकच भेट झाली असेल, त्या आठवड्याची भरपाई रविवारी दोन तास बसून करायलाही हरकत नाही. सणासुदीत किंवा मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत खंड पडतोच. त्यानंतर पुन्हा सुरुवात करताना राखीव ठेवलेल्या जागेत, पंधरा मिनिटांनी करावी.